टवक्याचा तळ

टवक्या फुटला तेव्हा आवाज अगदीच किरकोळ झाला. बशीला चमचा लागावा एवढा. मी प्रयोगशाळेच्या सिंकपाशी उभी होते, बोटं साबणाने बुळबुळीत झाली होती, मन भलतीकडेच धावत होतं, आणि पुढच्या क्षणी नळाखाली काचेचे काही मोठे तुकडे आणि बाकी सगळा चुरा. टवक्या म्हणजे माझा फ्लास्क. खाली रुंद, वर निमुळता, चारचौघांसारखाच. फक्त तोंडाशी एक टवका उडालेला, म्हणून टवक्या. फुटक्या तोंडाचा फ्लास्क दुसरं कोणी हातात घेत नसे, त्यामुळे तो वर्षानुवर्षं माझाच राहिला आणि माझं सगळं चांगलं काम त्याच्यातच झालं. कपाटात नवेकोरे फ्लास्क रांगेने उभे असतात, एखादा फुटला तर कोणी विचारतही नाही. पण आजच फुटायचं? बाकीचे दिवस काय वाईट होते? "लागलं का?" पाठीमागून शंकासुरांनी विचारलं. मी मान हलवली. "मग झाडू आणतो," ते म्हणाले आणि खरंच झाडू आणायला गेले. या माणसाचा मला राग येतो तो अशा वेळी; हळहळ नाही, दोन शब्द नाहीत, थेट झाडू. मी मोठे तुकडे कागदात गुंडाळून ओट्याखालच्या टोपलीत टाकले. खोटं कशाला बोलू, मनात भीती होती तेवढीच तरतरीही होती, परीक्षेच्या दिवशी सकाळी येते तशी.

आणि परीक्षाच होती. मी चांदीचे कण बनवते. डोळ्यांना दिसणार नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक, नॅनोकण. ते जखमेच्या पट्ट्यांत जातात, पाण्याच्या गाळण्यांत जातात. सगळे लोक ते जहाल रसायनं वापरून बनवतात; नाकाला मुखवटा, हातात जाड मोजे, उरलेलं पाणी पिंपात भरून सील करून ठेवायचं आणि मग ते कोण कुठे नेऊन ओततं ते विचारायचं नाही. मी म्हणते, पानं पुरतात. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत आमची एक लिंबोणी आहे, तिची पानं धुवायची, उकळायची, काढा गाळून घ्यायचा आणि सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे विरघळलेल्या चांदीच्या, नितळ पाण्यात ओतायचा. कोमट ठेवायचं. पानातलं काहीतरी त्या विरघळलेल्या चांदीला पुन्हा चांदी व्हायला लावतं, पण तिचा गोळा होऊ देत नाही. आणि गंमत अशी की इतकी बारीक झालेली चांदी पांढरी दिसतच नाही. पाणी आधी पिवळसर होतं, मग मधासारखं, मग गडद तपकिरी. टवक्यात हे माझा चहा पिऊन होईपर्यंत व्हायचं. मी हे छापून म्हटलं, नावानिशी. आणि मग दुसरीकडच्या लोकांची पत्रं यायला लागली की आमच्याकडे काही होत नाही, काढ्याची फिकट छटा सोडली तर पाणी आपलं पाणीच राहतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांनी शेजारच्या विभागातून या झाडू आणणाऱ्या गृहस्थांना बोलावलं आणि सांगितलं, हिचं काम तुमच्या हाताने करून बघा. त्यांच्याही हाताने झालं नाही. एकदा नाही, प्रत्येक वेळी. शंकासुर हे नाव मीच त्यांना ठेवलं, आणि आता ते त्या नावाला ओ देतात.

सुरुवातीला मी मनात म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. हा माणूस भांडी घासतो कशी, तर आधी साबणाने, मग आम्लाने, मग डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा, आणि शेवटी उजेडात धरून डाग शोधतो, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. एवढ्या सोवळ्यात चांदी तरी कशी यावी. पण मग जिन्यात, जेवणाच्या टेबलावर माणसं माझ्याशी बोलता बोलता जरा आधीच थांबायला लागली. कुणीतरी म्हणालं होतं, ही बाई हळूच काहीतरी टाकत असेल. माझ्या कानावर ते आलं तेव्हा मला हसू आलं, आणि घरी पोचेपर्यंत रडू. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावलं. "मला तुझ्याबद्दल शंका नाही," त्या म्हणाल्या, "पण माझ्या शंका नसण्याला बाहेर कोणी किंमत देत नाही. एकाच ओट्यावर, एकाच काढ्याने, दोघांनी करा. त्याच्या हाताने, त्याच्या स्वच्छ भांड्यात रंग आला तर ठीक. नाही आला तर छापलेलं मागे घ्यायचं आणि आपण पुन्हा नेहमीच्या रसायनांवर जायचं." नेहमीच्या रसायनांवर. त्यांना ते शब्द साधे होते. मला मात्र तो वास आला, तिथेच, बंद दाराच्या खोलीत.

तो वास माझ्या लहानपणाचा आहे. बाबा आरसे बनवायचे. पुढच्या खोलीत लाकडी घोड्यांवर काचा आडव्या पसरलेल्या, त्यांवर बाबा एका भांड्यातून हे आणि दुसऱ्यातून ते ओतायचे, आणि बघता बघता काचेपलीकडची जमीन दिसेनाशी होऊन आपलंच नाक दिसायला लागायचं. मी तासन् तास बघत बसायचे. अमोनिया इतका भिनलेला की आमच्या घरात कांदा चिरताना कोणाच्या डोळ्यांना पाणी येत नसे; डोळ्यांनी हार मानलेली होती. बाबांची नखं कायमची काळी, चांदीच्या पाण्याने, आणि आई म्हणायची, या माणसाच्या हाताला लग्नातसुद्धा रंग चढला नाही, आधीच चढलेला होता. दुपारी बाबा बाहेरच्या पायरीवर बसून खोकायचे आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, हवा बदललीय. वर्षभर हवा बदललेलीच असायची. आता ते खिडकीजवळ खुर्ची टाकून बसतात, बाजूला श्वासाचा पंप, आणि जिना चढायचा म्हटला की आधी त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघतात. मी पानांनी चांदी करते हे त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खूप वेळ हसले, हसता हसता खोकले, आणि मग म्हणाले, "पाल्याने चांदी होत असती तर शेळ्या सराफ झाल्या असत्या." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की त्यांचा एकच प्रश्न असतो, "शेळ्यांचं काय म्हणणं?" मला राग येत नाही. उलट वाटतं, या माणसाला एकदा, फक्त एकदा, वास नसलेली चांदी हातात नेऊन दाखवावी. बाकी छापणं-बिपणं सगळं त्यानंतरचं.

तर काढा तयार होता. शंकासुरांनी स्वतःचा फ्लास्क उजेडात धरून तपासला, मला कपाटातून एक नवा दिला, तोही त्यांनी घासलेला. मी तो हातात घेतला आणि मला परक्या घरात पाणी प्यायल्यासारखं वाटलं. काढा दोघांनी एकाच भांड्यातून घेतला. ओतताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते आणि ते माझ्या हाताकडे. मग कोमट पाण्याच्या टबात दोन्ही फ्लास्क शेजारी शेजारी ठेवले आणि मी चहा करून आणला, दोघांसाठी, कारण नुसतं उभं राहवेना. चहा संपला. काहीच नाही. मी कप धुऊन आले. काहीच नाही. दोन्ही फ्लास्क काढ्याच्या त्याच फिकट रंगाचे, जुळे भाऊ. माझ्या पायाखालची वाळू सरकली, कारण आजवर पाणी राहायचं ते यांच्या फ्लास्कात, आज माझ्याही. म्हणजे मी इतकी वर्षं केलं ते काय? मला एकाएकी वाटलं की खरंच मीच काहीतरी टाकत असणार, नकळत, बाहीतून, नखांतून. मी माझी नखं बघितली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग, बाबांसारखे. शंकासुरांना आनंद व्हायला हवा होता. मी चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर ते तोंड पडलेलं होतं. "मला वाटलं होतं आज येईल," ते म्हणाले. "तुम्हाला?" मी म्हटलं. "मग रोज रोज मी कशाला एवढं घासत होतो? रंग आला तर त्यावर कोणाला शंका घेता येऊ नये म्हणूनच ना?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मनात मी दोघांच्या हातांना, पानांना, पाण्याला एकेक करून बाजूला सारत होते. हात निर्दोष, कारण माझेही हरले. पानं तीच, झाड तेच. पाणी तेच. मग घोडं पेंड कुठे खातंय? आज वेगळं काय? आज वेगळं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि माझीच मला शरम वाटली, कारण उत्तर सकाळपासून माझ्या पायाशी टोपलीत पडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी वाकून कागद उलगडला. टवक्याच्या बुडाचा तुकडा बशीएवढा शाबूत होता आणि त्यावर तपकिरी सावली होती, चहाच्या जुन्या कपाला असते तशी. ती साबणाने कधी गेली नाही आणि मी घालवायचा प्रयत्नही केला नाही. मला ती आवडायची. "अरे, हे बघ," मी ओरडलेच. शंकासुरांना मी आयुष्यात पहिल्यांदा अरे म्हटलं होतं. "ही चांदी आहे. माझीच, जुनी, प्रत्येक वेळची थोडी थोडी, तळाला चिकटलेली. नवी चांदी येते ती हिच्यावर येऊन बसते. दह्याला विरजण लागतं ना, तसं. तुझ्या घासलेल्या काचेत तिला बसायला जागाच नाही रे." त्याने तुकडा माझ्या हातातून घेऊन उजेडात धरला. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती, कारण माझं छापलेलं सगळं या एका तुकड्यावर उभं होतं हे मीच बोलून बसले होते. पण मला फक्त आनंद झाला, दांडगा, लहान मुलासारखा. कळलं होतं. महिनोन् महिने जे कळत नव्हतं ते कळलं होतं, आणि कळण्याला दुसऱ्या कशाची तोड नाही.

अर्थात शंकासुर तो शंकासुरच. "एका तुकड्याने काय सिद्ध होतं," म्हणत त्याने टवक्याच्या बुडाचे दोन तुकडे केले, दोन पेले घेतले. दोन्हीत चांदीचं पाणी, दोन्हीत एकेक तुकडा, पण काढा फक्त एकात. "नाहीतर उद्या कोणी म्हणेल, काचच सगळं करते, पानं नुसती शोभेला." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. आम्ही दोघं ओट्यावर कोपरं टेकून वाट बघत राहिलो. काढा होता त्या पेल्यात तुकड्याच्या कडेकडेने मध उतरायला लागला, मग सगळं पाणी तपकिरी झालं. दुसरा पेला तसाच नितळ. म्हणजे चांदी घडवतात ती पानंच. जुनी चांदी फक्त बसायला पाट देते. "ठीक," तो म्हणाला, "पण बाईंनी विचारलंय ते वेगळंच. स्वच्छ भांड्यात, पाटाशिवाय, पान आपलं आपण सुरुवात करतं का? आणि ते तर," त्याने टबातल्या जुळ्या फ्लास्कांकडे बोट केलं, "नाही करत." त्याने सवयीने हात पुढे केला, कारण आमच्याकडे रीतच आहे, संध्याकाळी ओटा रिकामा, भांडी ओतून, घासून पालथी. मोठ्या बाईंचा तो दंडक आहे आणि इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्या तालावर चाललो. त्याच्या बोटांनी फ्लास्कची मान धरली आणि मला टवक्याचा पहिला दिवस आठवला.

तो दिवस मी इतक्यांदा सांगितलाय की सांगून सांगून गुळगुळीत झाला होता. नवा टवक्या, तेव्हा टवका नसलेला, पहिलाच काढा, आणि सुंदर तपकिरी रंग. गोष्ट मी अशी सांगायचे. मधलं काय झालं ते गोष्टीत नव्हतं. मधे बाबा पडले होते. दुपारी शेजारच्यांचा फोन आला, श्वास लागलाय, ओठ निळे पडलेत, आणि मी सगळं होतं तसं टाकून पळाले. जाताना फ्लास्क घाईत खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या बाटल्यांमागे सरकवला, धक्का लागून त्याचा टवका उडाला तो तेव्हाच. मग इस्पितळाचा लांब बोळ, बाकावर आईच्या मांडीवर ठेवलेली बाबांची चप्पल, डॉक्टरचा विचारणारा चेहरा, "कामाच्या जागी वास येतो का कसला?" आणि माझं होय म्हणणं, आणि आईचं माझ्याकडे न बघणं. बाबा सावरल्यावर मी कामावर परतले, बाटल्या हलवल्या, आणि मागे हा रंग. मला तेव्हा आनंद इतका झाला की किती वेळाने आला हे विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या खेपेला त्याच फ्लास्कात चहा पिईपर्यंत आला, तिसऱ्या खेपेला तसाच, आणि मी ठरवून टाकलं की याला चहाएवढाच वेळ लागतो. पण पहिल्या खेपेला तळ कोरा होता. पाट नव्हता. तरी चांदी आली होती, तिच्या तिच्या वेळाने, आणि तेव्हा तिच्या डोक्यावर कोणी उभं नव्हतं.

"ओतू नकोस," मी म्हटलं. माझा आवाज असा निघाला की त्याने फ्लास्क जागच्या जागी सोडला. मी त्याला भराभर सांगितलं, वाक्यांवर वाक्यं चढत होती. इतके दिवस तू ओतत होतास, बाहेरचे लोक ओतत होते, सगळे माझ्या चहाच्या हिशोबाने थांबत होते आणि मग घासून टाकत होते. कोणी थांबलंच नाही. मी मुळातली उतावळी, मी सगळ्यांना उतावळं केलं. तेवढ्यात मोठ्या बाई आत आल्या, हातात चष्मा, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. त्यांनी टबाकडे पाहिलं, पेल्यांकडे पाहिलं, आमचं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे रंग आलेला नाही," त्या म्हणाल्या. "अजून नाही," मी म्हटलं. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. मला काहीतरी भरभक्कम उत्तर द्यायची फार इच्छा झाली. "माहीत नाही," मी म्हटलं. मग शंकासुर बोलला, "थांबून बघायला काय जातं?" त्याच्या तोंडून हे, म्हणजे नवलच. "उद्या सकाळी मी येईन," बाई म्हणाल्या, "तेव्हा जे दिसेल ते शेवटचं. पाणीच दिसलं, तर मागे घेतल्याचं पत्र तू लिहायचंस." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "टब चालू राहू दे. ओट्याचं मी बघते."

घरी बाबांनी विचारलं, "शेळ्यांचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "उद्या सांगतात म्हणाल्या." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि नेहमीसारखे हसले नाहीत. जेवताना मी पाणी प्यायला ग्लास उचलला आणि उजेडात धरून बघत बसले. आई म्हणाली, धुतलाय गं, स्वच्छ आहे. त्याचीच तर पंचाईत आहे, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी मी बाबांना एकदम विचारलं, "तुम्हाला राग नाही का येत?" "कशाचा?" "आरशांचा." "आरसे छान व्हायचे," ते म्हणाले, "वास नको होता." एवढंच. मी उठून हात धुवायला गेले, कारण डोळ्यांना पाणी आलं होतं आणि या घरात ते आता सहज येतं.

सकाळी मी जिना पळत चढले. वयाला न शोभणारं होतं, पण बघायला कोण होतं. छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं मी उद्घाटनाची फीत कापायला चाललेय, नाहीतर सुळावर. शरीराला दोन्ही सारखंच कळतं. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. शंकासुर टबासमोर स्टुलावर बसला होता, कोट न घालता, आणि त्याने वळूनही बघितलं नाही. मी जवळ गेले. माझ्या फ्लास्कात मध होता. त्याच्या फ्लास्कात, त्या उजेडात धरून तपासलेल्या, आम्लाने घासलेल्या, कोऱ्या काचेच्या फ्लास्कात, मुरलेल्या मधाचा गडद तपकिरी रंग होता, काठोकाठ एकसारखा, आणि खिडकीचा उजेड त्यातून ओट्यावर पडला होता. कसलाही वास नव्हता. मी वाकून मुद्दाम दीर्घ श्वास घेतला, पानांचा हलका दरवळ तेवढा आला. "माझा जास्त आलाय," तो म्हणाला. "तुझा जास्त आलाय," मी म्हटलं, आणि आयुष्यात हरण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्याने यंत्रावर तपासूनही ठेवलं होतं, मी येण्याआधी. चांदीचे कण असले की कागदावर रेघ जिथे उंच व्हायला हवी नेमकी तिथेच झाली होती. मी बाबांना फोन लावला. पलीकडे आधी खोकला, मग "हं." मी म्हटलं, "बाबा, शेळ्यांनी दुकान काढलं." पलीकडून श्वास ऐकू आला, आणि मग ते म्हणाले, "मग जरा घेऊन ये घरी. मी हुंगून बघतो."

बाहेर जिन्यात मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज यायला लागला. मी एका लहान बाटलीत त्याच्या फ्लास्कातलं तपकिरी पाणी घरी न्यायला काढून घेतलं. बाईंनी बघितला की फ्लास्क रिकामा करून घासायचा, या तयारीने शंकासुर नळाकडे वळला होता, मधेच थांबला. त्याने बूच लावलेली माझी बाटली बघितली, मग फ्लास्कचा तळ, जिथे घासला नाही तर आजपासून एक सावली राहणार होती, आणि तिच्यामुळे पुढच्या खेपेला सगळं चहा पिईपर्यंत होणार होतं. "हा नंतर धुवायचा की नाही?" त्याने विचारलं. मी एक क्षण टवक्याला आठवलं. मग साबण त्याच्या हातात दिला. "धू," मी म्हटलं, "अगदी तुझ्यासारखा धू. आपल्याला वेळ आहे."